नाकातून रक्त, जेवण बंद: सोमवारपर्यंत थांबायचं का?

प्रश्न तळेगावहून आलाय. थोडक्यात असा: ब्रुनो हा ४ वर्षांचा लॅब्रॅडॉर, वजन ३० किलो. परवापासून खात नाही, जिना चढताना मधेच बसकण मारतो. काल अंग तापलेलं वाटलं म्हणून ताईंनी ५०० ची पॅरासिटामॉल अर्धी करून पोळीतून दिली. आज सकाळी नाकातून रक्ताचे दोन थेंब पडले. सासूबाईंचं म्हणणं, उष्णतेनं घोळणा फुटलाय, सब्जा द्या. शेजारच्या गोठ्यातून गोचिड्यांचं औषध आणून ठेवलंय आणि ते ब्रुनोला व मनी मांजरीला, दोघांनाही लावायचा विचार आहे. शेवटी लिहिलंय, ‘अंगावर गोचीड एकही दिसत नाही. नेहमीचे डॉक्टर गावाला गेलेत, सोमवारी येतील. तोवर थांबलं तर चालेल ना?’

नाही चालणार, ताई. आजच न्या, दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरांकडे न्या. पुढचं सगळं तिथून परत आल्यावर वाचलंत तरी हरकत नाही.

निघण्याआधी फक्त एक मिनिट द्या. ब्रुनोचा वरचा ओठ उचला आणि सुळ्याच्या वरची हिरडी बघा. लॅबच्या हिरड्यांवर काळे डाग असतात, ते सोडून गुलाबी भाग शोधा. नाहीच सापडला तर डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग बघा. हिरडीवर बोट दाबून सोडा. दाबलेली जागा पांढरी पडते आणि निरोगी कुत्र्यात दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी होते. हिरडी पिठूळ पांढरी दिसली तर रक्त कमी झालंय. हळदीसारखी झाक असेल तर कावीळ. बारीक लाल ठिपके, जणू कोणी लाल पेनानं टोचल्यासारखे, दिसले तर प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, घसरल्यात. हे ठिपके पोटाच्या केस नसलेल्या भागावर आणि कानाच्या आतही बघा. नाक ओलं की कोरडं यावर मात्र काही ठरवू नका. झोपून उठलेल्या धडधाकट कुत्र्याचंही नाक कोरडं असतं. ताप बघायचा तर डिजिटल थर्मामीटरला व्हॅसलीन लावून गुदद्वारातून. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरेनहाइट असतं, त्यामुळे आपल्या हाताला कुत्रा कायमच थोडा गरम लागतो. १०३ च्या वर गेलं की ताप धरा.

आता तो घोळणा. जुलै महिना, न खाणं, जिन्यात दमणं, नाकातून रक्त, एवढं ऐकलं की मावळातला काय आणि कोकणातला काय, कुठलाही पशुवैद्य पहिला संशय गोचीड-तापाचाच घेईल. याला सगळे टिक फीवर म्हणतात, पण तो एक आजार नाही. आपल्याकडे त्यात मुख्यतः दोन वेगळे जंतू असतात. एहर्लिकिया कॅनिस हा जिवाणू पांढऱ्या पेशीत शिरतो आणि त्याच्या आजारात प्लेटलेट्स कोसळतात. नाकातलं रक्त बहुधा याचं. बाबेसिया हा एकपेशीय परजीवी तांबड्या पेशी फोडतो. त्यात हिरड्या पांढऱ्या पडतात आणि लघवी कोऱ्या चहासारखी होते. दोन्ही एकाच कुत्र्यात एकाच वेळी असणं अजिबात दुर्मीळ नाही. तिसरा हिपॅटोझून, तो गोचीड चावल्यानं नाही, तर कुत्र्यानं अंग चाटताना गोचीड गिळल्यानं होतो. त्याचा उल्लेख एवढ्यासाठी की अंगावरून काढलेली गोचीड कुत्र्यासमोर जमिनीवर टाकू नये.

डॉक्टरांकडे सीबीसी करायला सांगा आणि सोबत ब्लड स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेल्या रक्ताची तपासणी, आग्रहानं मागा. मशीन आकडे देतं, जंतू दाखवत नाही. कानाच्या कडेला सुई टोचून आलेला थेंब काचेवर ओढायचा, वाळवायचा, रंगवायचा आणि तेल घालून १००० पट मोठा करून बघायचा. बाबेसिया गिब्सोनी ही बाबेसियाची बारीक जात. तो तांबड्या पेशीत बारीकशा अंगठीसारखा दिसतो, एका कडेला ठिपका. दहा मिनिटं नजर फिरवूनही कधी एखादाच सापडतो, कधी काहीच सापडत नाही. स्मिअर कोरा आला म्हणजे आजार नाही असा अर्थ होत नाही; मग अँटिबॉडीचं किट किंवा पीसीआर.

हे मी ठासून सांगतो त्याला कारण आहे. परळच्या व्हेटर्नरी कॉलेजातून बाहेर पडून मला दोनच वर्षं झाली होती. एक पॉमेरेनियन आली, मलूल, थोडा ताप. पाऊस धो धो, दवाखान्यात गर्दी. मी तापाचं इंजेक्शन दिलं, लिव्हर टॉनिक लिहून दिलं, ‘दोन दिवसांनी दाखवा’ म्हणालो. दुसऱ्या दिवशी ती जरा खेळली, म्हणून घरचे निर्धास्त राहिले. चौथ्या दिवशी टेबलावर आणली तेव्हा हिरड्या कागदासारख्या होत्या आणि मी रक्ताची सोय करेपर्यंत ती गेली. नंतर काच रंगवली, तर जवळजवळ प्रत्येक फील्डमध्ये अंगठ्या. मायक्रोस्कोप तेव्हाही माझ्या मागच्याच टेबलावर होता. तेव्हापासून जून ते ऑक्टोबर माझ्याकडे ताप घेऊन येणाऱ्या प्रत्येक कुत्र्याची काच मी बघतोच.

उपचाराबद्दल थोडं, कारण घरी परतल्यावर खरा घोळ तिथे होतो. एहर्लिकियासाठी डॉक्सीसायक्लिन, ते २८ दिवस. चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत कुत्रा उठून बसतो, शेपटी हलवतो, आणि पाचव्या-सहाव्या दिवशी निम्म्या घरांत गोळी बंद होते. मग सप्टेंबरात तोच कुत्रा परत. ही गोळी रिकाम्या पोटी दिली की उलटी होते आणि अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम करते. म्हणून आधी चार घास, मग गोळी, मग पाणी. दूध, दही, पनीर, पेढा यांतून देऊ नका, कॅल्शियममुळे औषध नीट शोषलं जात नाही. आपल्याकडे गोळी म्हटली की हात पेढ्याकडेच जातो, म्हणून सांगतो. पोळीच्या घासात किंवा चिकनच्या तुकड्यात चालेल.

बाबेसिया गिब्सोनी मात्र नुसत्या डॉक्सीला जुमानत नाही. ‘एक इंजेक्शन मारलं की बरा’ हे मोठ्या जातीच्या बाबेसियाच्या बाबतीत बऱ्याचदा खरं ठरतं, गिब्सोनीच्या बाबतीत सहसा नाही. त्याला ॲटोव्हाक्वोन आणि ॲझिथ्रोमायसिन ही जोडी १० दिवस देतात. महाग पडते आणि काही कुत्र्यांना त्यानं ओकाऱ्या होतात. बरा झालेला कुत्राही जंतू अंगात बाळगून राहू शकतो. गिब्सोनी कुत्र्यांच्या भांडणातल्या चाव्यातूनही पसरतो, म्हणून ब्रुनोची गल्लीत कुणाशी झोंबाझोंबी झाली असेल तर डॉक्टरांना तेही सांगा.

पीसीव्ही, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण, निरोगी कुत्र्यात ३७ ते ५५ टक्के असतं. ते १५ च्या आसपास आलं आणि कुत्रा धापा टाकत असेल तर रक्त द्यावंच लागतं. त्यासाठी २५ किलोच्या वरचा, तरुण, लसी पूर्ण झालेला, गोचीडमुक्त दाता लागतो. तुमच्या सोसायटीत असा लॅब किंवा शेफर्ड कोणाचा आहे, हे आजच मनात आठवून ठेवा. आजारी कुत्र्याला पहिल्यांदाच रक्त चढवताना धोका कमी असतो, तरी क्रॉसमॅच, म्हणजे दोघांचं रक्त जुळतं का ही तपासणी, केलेली बरी. पपईच्या पानांचा रस बरेच जण विचारतात. रस पाजल्यानं प्लेटलेट्स वाढल्या की डॉक्सीनं, हे सांगणं कठीण. पण आधीच न खाणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात तो कडू रस जबरदस्तीनं ओतला की तो जेवण पुरतंच सोडतो, काही वेळा रस फुप्फुसात जातो. मी देऊ देत नाही.

‘पण गोचीड एकही नाही.’ हे वाक्य मी पावसाळ्यात रोज दोनदा ऐकतो. पिल्लू-गोचीड खसखशीएवढी असते, तिला सहाच पाय असतात. त्याच्या पुढची तिळाएवढी. लॅबच्या दाट केसांत ती दिसणार कशी? आपल्याला दिसते ती रक्त पिऊन वाटाण्याएवढी फुगलेली राखाडी मादी, आणि ती पोट भरलं की गळून पडते. शिवाय चावल्यानंतर आजार दिसायला एक ते तीन आठवडे लागतात, एहर्लिकियाचा जुनाट प्रकार तर महिन्यांनी डोकं वर काढतो. तोवर चावणारी कधीच निघून गेलेली असते. तरी बघायचंच असेल तर पट्ट्याखाली, कानाच्या घडीत, बोटांच्या बेचक्यात आणि शेपटीच्या बुडाशी बघा. सापडली तर चिमट्यानं कातडीलगत पकडून सरळ ओढा आणि स्पिरिटच्या बाटलीत टाका. काडी पेटवून चटका देणं, रॉकेल चोळणं, नखांनी चिरडणं, यांतलं काहीही नको.

आणि आता घर. कुत्र्यावरची तपकिरी गोचीड ही जंगलातली नाही, ती तुमच्या भिंतीतली आहे. प्रत्येक अवस्थेत ती रक्त पिते, खाली उतरते, फटीत जाऊन कात टाकते आणि परत चढते. मादी हजारोंच्या संख्येनं अंडी घालते. तिची सवय वर चढण्याची. म्हणून पडद्याच्या वरच्या घडीत, दाराच्या चौकटीच्या माथ्यावर, छताच्या कोपऱ्यात सापडते. उपाशी राहून महिनोन्‌महिने तग धरते. कुत्र्याच्या अंगावर दिसतात त्या एकूण गोचिड्यांतल्या मूठभर, बाकी सगळ्या घरात. मागे एका बंगल्यात बोलावलं होतं, औषधं देऊनही तीन कुत्री पुन्हा पुन्हा आजारी पडत होती. गच्चीवर कुत्र्याच्या खोलीत गेलो, विजेच्या स्विचबोर्डाचं झाकण उघडलं, तर आत फुगलेल्या माद्या आणि अंड्यांचे चकचकीत तपकिरी पुंजके, साबुदाण्याहून बारीक. मालकीणबाई दारातूनच मागे फिरल्या.

तेव्हा फटी सिमेंटनं किंवा पुट्टीनं बुजवा, गोणपाटाची गादी जाळून टाका, चादरी उकळत्या पाण्यात धुवा, पेस्ट कंट्रोलवाल्याला भिंतीच्या वरच्या कडेपर्यंत फवारायला लावा आणि दोन-तीन आठवड्यांनी परत बोलवा. फवारणीच्या वेळी मनी आणि ब्रुनो दोघंही घराबाहेर हवेत, जमीन पूर्ण वाळेपर्यंत.

ब्रुनो बरा झाल्यावर नियमित औषध लागेल. हल्ली चघळायच्या गोळ्या मिळतात. अफॉक्सोलॅनर महिन्याला एक, फ्ल्युरॅलॅनर साधारण १२ आठवड्यांना एक. गोचीड चावल्यावरच त्या तिला मारतात, त्यामुळे अंगावर एखादी मेलेली दिसली तर औषध फुकट गेलं असं समजू नका. एहर्लिकिया चावल्यानंतर काही तासांतच अंगात जाऊ शकतो, म्हणून गोळी चालू असली तरी घराची सफाई सुटत नाही. या गटाच्या औषधांनी काही कुत्र्यांना झटके आल्याचं लक्षात आल्यावर अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१८ मध्ये तशी सूचना काढली होती. ब्रुनोला पूर्वी कधी फिट आली असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. नसेल तर बेलाशक द्या. टिक फीवरचा धोका त्याहून कितीतरी मोठा आहे.

गोठ्यातून आणलेल्या बाटलीचं आता बोलू. गुरांच्या औषधांत डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन किंवा अमित्राझ असतं, ४०० किलोच्या म्हशीच्या हिशेबानं तीव्र. अंदाजे ‘झाकणभर बादलीत’ करून कुत्र्यावर ओततात आणि मग तो चाटतो, लाळ गाळतो, थरथरतो. आधीच आजारी असलेल्या ब्रुनोवर आज तर मुळीच नको. मनीवर तर कधीच नको. मांजराचं यकृत डेल्टामेथ्रिन-सायपरमेथ्रिनच्या गटातली, म्हणजे पायरेथ्रॉइड, औषधं वेळेत फोडू शकत नाही. कान फडफडतात, अंग थडथडतं, मग झटके. कुत्र्याचं पर्मेथ्रिनचं (तेही त्याच गटातलं) स्पॉट-ऑन, म्हणजे मानेवर सोडायचे थेंब, मांजराला लावल्यामुळे, किंवा नुकतंच लावलेल्या कुत्र्याला बिलगून झोपल्यामुळेही मांजरं दगावतात. मांजरासाठी वेगळं औषध येतं, ते तिच्या वजनावर घ्या.

पॅरासिटामॉलचं तसंच. ब्रुनोसाठी घाबरू नका: ३० किलोला अर्धी गोळी म्हणजे किलोमागे साधारण ८ मिलिग्रॅम, एवढ्यानं कुत्र्याला विषबाधा होत नाही. पण ताप दबतो आणि डॉक्टर फसतात, म्हणून कधी दिली ती वेळ सांगा आणि परत देऊ नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक तर चुकूनही नको. पोटात व्रण, मूत्रपिंडाला इजा आणि प्लेटलेट्स कमी असताना वर आणखी रक्तस्राव. तीच पॅरासिटामॉल मांजराला म्हणजे जवळजवळ विष. एक काका शिंकणाऱ्या मांजरीला ५०० ची पाव गोळी देऊन आले होते. तिचा चेहरा सुजलेला, हिरड्या चॉकलेटी. रक्त काढलं तर सिरिंजमध्ये चहाच्या चोथ्यासारखा रंग. ॲसिटिलसिस्टीन हा उतारा वेळेत मिळाला, ऑक्सिजनवर तीन दिवस काढले, वाचली. सगळ्या वाचत नाहीत.

तुमच्या पत्रात नाही, पण डॉक्टर विचारतील असा दुसरा संशय म्हणजे लेप्टो, अर्थात लेप्टोस्पायरोसिस. उंदराच्या लघवीनं दूषित झालेलं साचलेलं पाणी, त्यात कुत्रा डुंबला किंवा प्यायला, की आठवडा-दोन आठवड्यांत ताप, ओकारी, पिवळेपणा, लघवी कमी. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत माणसांमध्ये त्याची साथ पसरली होती, ते अनेकांना आठवत असेल. लेप्टोची लस नेहमीच्या संयुक्त लशीत असते. पण तिचं संरक्षण जेमतेम वर्षभराचं आणि जंतूच्या मोजक्याच प्रकारांविरुद्ध. पहिल्यांदा दोन ते चार आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस लागतात. म्हणून ती मे महिन्यातच उरकायची. आज आजारी ब्रुनोला लस टोचायला सांगू नका. पक्कं निदान होईपर्यंत त्याची लघवी हातमोजे घालून पुसा आणि ब्लीचचं पाणी मारा, कारण हा आजार माणसाला होतो. घरात लहान मूल असेल तर त्याला त्या कोपऱ्यापासून दूर ठेवा.

नाकातून रक्त येण्याचं आणखी एक कारण विसरू नका: उंदराचं विष. पावसात उंदीर घरात शिरतात, आपण विषाचा केक ठेवतो, कुत्रा खातो, आणि रक्त वाहायला लागतं ते तीन ते पाच दिवसांनी. तोवर सगळे विसरलेले असतात. घरात, जिन्याखाली, शेजारी कोणी केक ठेवला होता का, हे विचारा आणि असेल तर वेष्टन सोबत न्या. व्हिटॅमिन के-१ हा त्यावरचा उतारा आहे, तो वेळेत दिला तर लागू पडतो. शेताकडे फिरायला जात असाल तर गोगलगायींसाठी टाकलेल्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्याही लक्षात ठेवा. २०२२ च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीनवर गोगलगायी तुटून पडल्या तेव्हापासून त्या जास्त शेतांत दिसतात. खाल्ल्यावर तासाभरातही झटके सुरू होतात. कपाटातल्या डांबरगोळ्याही विषारीच, आणि मांजरं त्यांच्याशी खेळतात.

पावसाळ्यातल्या बाकीच्या गोष्टी भराभर सांगतो. पायांच्या बेचक्यात लाल होऊन कुत्रा सारखा चाटत असेल तर त्या आपल्यासारख्याच चिखल्या. फिरून आल्यावर पाय धुण्यापेक्षा कोरडे करणं महत्त्वाचं. लॅबचे कान झाकलेले असतात, त्यांतून आंबलेल्या पिठाचा वास आला की संसर्ग झालाय समजा. बेडूक चाटून तोंडाला फेस आला तर ओल्या फडक्यानं तोंड पुसा, पाण्याची नळी घशात सोडू नका. साप चावला, विशेषतः तोंडावर किंवा पुढच्या पायावर सूज चढत असेल, तर दोरी आवळू नका, कापू नका, उचलून न्या. माणसांचंच अँटिव्हेनम कुत्र्यालाही देतात आणि मिनिटं मोजकी असतात. रेबीजची लस दरवर्षी, त्यात सवलत नाही.

आज नेताना एवढं बरोबर घ्या: लसीचं पुस्तक, कालच्या गोळीची वेळ लिहिलेला कागद आणि ब्रुनोची लघवी. निघायच्या आधी बाहेर नेलंत की पांढरी वाटी खाली धरा. रंग पांढऱ्यावरच कळतो. पिवळी असेल, कोऱ्या चहासारखी असेल किंवा लालसर असेल, डॉक्टरांना त्यावरूनच पहिली दिशा मिळते. गाडीत चढताना त्याला उडी मारू देऊ नका, दोघांनी उचला. मनीला आतल्या खोलीत बंद करा, आणि ती बाटली ज्याच्या गोठ्यातली त्याला जाताजाताच परत द्या.